करण्यात येईल

भुसावळात मे म्हणजे दाराची कडीसुद्धा
पदराने धरून काढायची.
पारा सत्तेचाळीसला टेकलेल्या दुपारी
मी जगाचा करार मराठीत आणते आहे,
पानाला एकशे चाळीस रुपये, टंकलेखन धरून.

एकाच पाकिटातून दोन कागद आलेत.
एक बाहेरचा, खाली देशोदेशींच्या सह्या.
दुसरा आपल्याच सरकारचा: धोरण, मसुदा तिसरा.
पहिल्यात धूर उतरतो,
दुसऱ्यात विजेची मागणी चढते.
दोघांना टाचणी एकच, गंजलेली.

अडले चौथ्या पानावर.
जबाबदारी सगळ्यांची, पण ज्याची त्याची वेगळी.
हे मराठीत कसं म्हणतात?
कोशात नव्हतं. सापडलं
लीलाधर वायकोळेंच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात:
सामाईक विहीर, हिस्सा चार आणे.
आधी उपसणाऱ्या भाऊबंदांचे बारा.
मी हरखून त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले,
"शब्द बरोबर आहे, ताई.
विहिरीत पाणी आहे का, ते तलाठी लिहीत नाही."

तोवर दीपनगरची राख कोशावर बसलेली.
फुंकर मारली, तर तेच पान:
उत्सर्ग, उत्सर्जन, उत्सव.

संध्याकाळी सुपडू तायडे सायकल भिंतीला लावतो.
डबा हँडलला, पाळी रात्रीची, जुन्या संचाच्या बॉयलरवर.
दारातूनच विचारतो,
"काय लिहिलंय? बंद का कमी?"

परवाच्या प्रतीत होतं: कोळसा टप्प्याटप्प्याने बंद.
काल सुधारित प्रत आली: टप्प्याटप्प्याने कमी.
कुठल्याशा थंड शहरात रात्रभर जागून
माणसांनी तेवढा एक शब्द खोडला म्हणे,
कोणी रडलंही.
खोडणाऱ्यांत आपलेही होते.

"कमी," मी म्हणते.
तो सुटल्यासारखा श्वास सोडतो
आणि खोकायला लागतो. बराच वेळ खोकतो.
मी तांब्या पुढे करते.
दोन्ही शब्दांचा दर मला सारखाच.

तो गेला आणि लाईट गेली.
रुळांवरून कोळशाच्या वाघिणी चाललेल्या,
अठ्ठावन्न, मी मोजल्या,
माझा पंखा मात्र थांबलेला.

अंधारात सिंधू भंगाळे उंबऱ्यावर येऊन बसते.
तिच्या केळीला उन्हाचा चट्टा, पानांवर राख,
घडांना जुन्या साड्या गुंडाळून आलीये.
"काय लिहू रायली वं माय?"

मोबाईलच्या उजेडात वाचून दाखवते:
तापमानवाढ रोखण्यात येईल.
उत्सर्जन कमी करण्यात येईल.
बाधितांना साहाय्य देण्यात येईल.
दर पाच वर्षांनी पुनर्विलोकन करण्यात येईल.

लग्नातली देण्याघेण्याची यादी ऐकावी तशी
ती ऐकते, एकेक बोट मिटत.
मूठ झाल्यावर म्हणते,
"ते झालं. पन कोन करीन?"

शाळेत हेच तर खोडलं होतं माझं.
फिरकेबाई तांबड्या शाईने लिहायच्या:
तो करील, ती करील.
'करीन' फक्त 'मी'ला.
आमच्या बोलीत सगळेच करीन:
तो करीन, सासू करीन, सरकार करीन,
तिकडची अमेरिकाही करीन.
पुस्तकातल्या मराठीत त्या क्रियापदाला
एकच धनी उरतो.

लाईट आली. सिंधू घडांकडे गेली.
पडद्यावर येईल, येईल, येईल,
कर्त्याची जागा पानभर मोकळी.

पाचव्या पानावर, घाईने म्हणा,
एका ओळीत 'करीन' पडलं.
खाली लाल रेघ आली नाही.
शुद्धलेखनाला ते चालतं.

परवा पानं मुंबईला जातील. तिथे कोणी तरी
चष्मा पुसून ते खोडेल, तर खोडो.
खिडकीतून चिमणीवरचा तांबडा दिवा दिसतो, उघडमीट.
सुपडू आता आत पोचला असेल.
मी सहावं पान घेते.