बिनचहाचा माणूस

दापोडीत माझं अमृततुल्य, एकतीस वर्षं.
समोर टायरवाल्याच्या माडीवर
दर रविवारी त्यांची सभा.

येसुपादम गोल्लापल्ली.
राजमहेंद्रीहून आला, भोसरीत लेथवर लागला.
सहा दिवस तेलकट, सातव्या दिवशी
पांढरा सदरा आणि टाय, क्लिपसकट.
मला आधी वाटलं, विमावाला.

"चहा नको. आमच्यात नाही चालत."
कॉफी? तीही नाही.
मग मी त्याला सुंठीचं गरम पाणी देऊ लागलो.
त्याचे पैसे किती लावायचे
हे अजून ठरलेलं नाही.

बारा घरांचा अध्यक्ष, बिनपगारी.
कुणी निवडलं? "वरून बोलावणं येतं."
वरून म्हणजे?
"हैदराबादहून फोन आला," म्हणाला, आणि हसला.

वायसीएममध्ये कुणाच्या उशाशी रात्रभर,
कुणाचा सिलिंडर, कुणाच्या पोरीची फी.
मराठी तोडकी. "बायको आला, पाऊस गेली."
आजाऱ्यापाशी मात्र एक चूक नाही,
कारण तिथे तो बोलतच नसे.

एकदा पाव संपला म्हणून जिना उतरत धावत आला.
मी स्लाइसची लादी दिली. बरोबर काय देता?
"पाणी," म्हणाला. "साधं."

एका दुपारी वही उघडून बसला.
बाप, आजा, पणजा, मी भराभर सांगितले.
"पणजी?"
गंगूबाई.
"लग्नाआधीचं नाव?"
दूध उतू गेलं.
जुन्नरच्या आत्याला फोन लावला, चुलत्याला लावला.
कुणालाच ठाऊक नाही.
कुठला कोण गोदावरीकाठचा माणूस
माझ्या पणजीला हुडकत होता
आणि मी गाळणं धरून उभा.
त्यानं ती ओळ कोरी ठेवली. खोडली नाही.

गेल्या भाद्रपदात त्याला मोकळं केलं.
त्यांच्यात तशी रीत, पाच-सहा वर्षांनी दुसरा.
सगळ्यांनी हात वर करून आभार मानले, संपलं.
ना हार, ना नारळ.
आमच्याकडचा माजी नगरसेवक
मरेपर्यंत फलकावरून उतरत नाही.

पादम म्हणजे पाय, त्यानंच सांगितलं होतं.
पद गेलं. पाय राहिले,
लोखंडी जिन्यावर पावणेनऊला वाजणारे.

आज नवा अध्यक्ष आला, पोरगेलासा, टाय आखूड.
त्याच्या आधीच वर खुर्च्या सरकत होत्या.
मी पाणी ठेवलं.
सुंठ संपलेली. आलं ठेचलं.