कोपरा

पंपाच्या खोलीमागे, जिथे पूर्वी
मोडक्या सायकली आणि मागच्या गणपतीचं मखर पडून असायचं,
तिथे आता द्रुपदाबाई बसते.
समोर चार गोण्या.
बघत नाही ती फारसं. कुस्करते आणि ऐकते.
कडकडलं तर पाण्याची बाटली,
करकरलं तर बिस्किटाचं वेष्टण,
आणि काहीच न बोलता बोटांतून सुळकन निसटलं
की दुधाची पिशवी.
"ही लक्ष्मी," म्हणते, "हिला भाव आहे."
वेष्टणाला भंगारवाला हात लावत नाही.
आतून चांदी, बाहेरून रंग.
"नटलंय भारी, पण नांदवणार कोण?"

सभेत मीच हात वर केला होता:
ओला वेगळा, सुका वेगळा.
करमरकरांनी विचारलं, "आणि दमट कुठे टाकायचा?"
सगळे हसले. ठराव तरी झाला.
तेव्हापासून मी पिशव्या धुतो,
दोरीवर चिमट्यांनी वाळत घालतो,
आणि, खोटं कशाला बोलू, थोडा मिरवतो.

एकदा गठ्ठा घेऊन खाली गेलो.
बेचाळीस पिशव्या, कोरड्या, घडी घातलेल्या.
तिनं पत्त्यांसारख्या पिसल्या.
म्हणाली, "काका, कोपरे कुठायत?"

कोपरे?
कात्रीनं कचकन उडवलेले
नखाएवढे त्रिकोण,
ओट्यावरून मोरीत,
मोरीतून मला काय ठाऊक कुठे.
बेचाळीस सकाळींचे बेचाळीस,
त्याआधीची तीस वर्षं.
बँकेत आकडेमोड करण्यात जन्म गेला माझा,
आणि हा आकडा कधी मांडलाच नाही.

तिच्या दिराचा पोरगा माहुलच्या खाडीवर
नाल्याच्या तोंडाशी जाळी उपसतो.
चपला अडकतात, थर्माकोल,
एकदा तर अख्खी गादी.
"बारकं जातं निघून.
बारक्याला कोण अडवणार?"

दुसऱ्या दिवशी सहा वाजता
कात्री अर्ध्यावर थांबवली.
कोपरा लटकत राहिला,
हलणाऱ्या दुधाच्या दातासारखा.
धार वाकडी पडली. ओटा पुसला.

करमरकर मात्र हट्टाला पेटले.
घाटल्याच्या तबेल्यातून आता किटलीत दूध आणतात,
झाकण वाजवत, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं.
त्यांच्यामागून आणखी पाच किटल्या.
मी म्हटलं, "बघा द्रुपदाबाई, केवढं कमी झालं!"
ती गोणी हातानं तोलत होती.
"झालं की. लक्ष्मीच कमी झाली, काका.
चांदीवालं आहे तेवढंच आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
रविवारी सभा आहे. विषय क्रमांक चार:
द्रुपदाबाईंना महिन्याचा पगार.
हात वर करायचाय.
करमरकर काय विचारतील, सांगता येत नाही.

खाली ती कुस्करते, ऐकते.
आवाज माझ्या खिडकीपर्यंत येतो,
आता मलाही ओळखू येतो:
करकर. करकर.
बराच वेळ नुसतं
करकर.