नळीतली हवा

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, गंजक्या नवव्या खुंट्याला
बाबांची 'टेर्ना' बांधलेली.
मी तिच्या पिछाडीला पालथी पडलेय,
खांद्यापर्यंत हात सुकाणूच्या कप्प्यात,
दातांत टॉर्च, म्हणून बोलता येत नाही.
बरंच आहे.
वर बाबा दोघांच्या वाटचं बोलतायत.

मार्चमध्ये त्यांचा डावा हात गेला.
गेला म्हणजे आहे,
कोटाच्या बाहीत नीट घालून ठेवता येतो.
पण चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत
साडेसहा वेढे,
आणि दोन बेटांमधून ओहोटी सुटली
की प्रत्येक वेढा दोन हात मागतो.

"विजेचा पंप," मी जेवताना म्हणाले होते,
"आणि चाकाशेजारी एवढीशी दांडी. अंगठ्याने वळेल."
त्यांनी बटाटा सोलणं थांबवलं नाही.
(एका हाताने बटाटा सोलतात तेव्हा
आपण खिडकीबाहेर बघायचं असतं.)
"अंगठ्याने टीव्ही चालवतात, रान्वा.
चाकातून समुद्र हाताला लागतो.
तेलातून येतो तो.
पाणी आज कुठल्या मनाचं आहे,
ते तेल सांगतं."

हे मी लहानपणापासून ऐकलंय.
चौथीत निबंधात लिहिलंही होतं,
बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती,
कौतुकाची की चुकीची, कळलं नाही.

आज चाकामागचा जुना पंप उघडला.
आत एक झडप निघाली, सुपारीएवढी.
तिला एकच काम:
चाकाकडून सुकाणूकडे तेल जाऊ द्यायचं,
सुकाणूकडून चाकाकडे येऊ द्यायचं नाही.
लाट कितीही डोकं आपटो,
तिचा निरोप या दारातून आत येत नाही.
पहिल्या दिवसापासून. तशीच बनवलीय.

मग बाबांच्या हाताला काय लागत होतं?

झडपेच्या बैठकीवर एक ओरखडा.
केसाएवढा. दिसत नाही, नखाला लागतो.
तिथून तेल थेंबाथेंबाने मागे झिरपायचं
आणि चाक चोरट्यासारखं उलटं सरकायचं.
एक बिघाड,
ज्याला आमच्या घरात समुद्र म्हणत.

मी टॉर्च तोंडातून काढला.
"काय सापडलं?" वरून.
"काही नाही. सतराचा पाना द्या."

नवी झडप बसवली. चाक काढलं नाही,
बॅटरी मेली तर असू दे.
पावाएवढा पंप, जाड तार, फ्यूज,
दोन्ही नळ्यांना एकेक फाटा,
आणि बोटांना तो वास, जो साबणाने जात नाही.

हवा काढायला दोन माणसं लागतात.
एकाने दांडी दाबून धरायची,
दुसऱ्याने सिलिंडरचा स्क्रू पाव फेरा सैल सोडायचा.
पारदर्शक नळीचं टोक रुबार्बच्या जॅमच्या बरणीत,
बरणीवर अजून आईच्या अक्षरात साल.
"डावीकडे!"
पंप घुमतो. तेल येतं लालसर,
माळेसारखे बुडबुडे घेऊन.
"उजवीकडे!"
"अजून?"
"अजून."
"केवढी हवा होती गं," बाबा म्हणतात,
"आणि मी हिच्यावर भरवसा ठेवून होतो."
मी स्क्रू आवळते. उगाच जरा जास्तच.

संध्याकाळी बाहेर पडलो.
सामुद्रधुनीच्या तोंडाशी पाणी उकळल्यागत,
बाबांचा अंगठा दांडीवर, अविश्वासाने.
नाव वळायला लागली
आणि पंपाचा सूर खाली उतरला,
ओझं उचलणाऱ्या माणसाचा श्वास उतरतो तसा.
मग सुटला, वर चढला.
पुन्हा खाली.

बाबांनी मान तिरकी केली.
हीटरचा पंखा बंद केला.
मी काहीतरी बोलणार होते.
"श्श," ते म्हणाले. "उत्तरेकडून ओढ आहे. ऐक."

आम्ही ऐकत राहिलो. नाकं गार पडली.
जुनी झडप माझ्या खिशात होती.

परतताना, दिवे दिसायला लागल्यावर,
त्यांनी विचारलं, "तेल कुठलं घातलंस?"
"तेच. नेहमीचं."
"तरीच," बाबा म्हणाले.