राहू द्या

टिपणीसबाईंचा फोन सकाळी सव्वानऊला, चरईहून.
मी ऐरोलीत, सहाव्या मजल्यावर,
डबासुद्धा बॅगेबाहेर काढला नव्हता.
"अहो, माझी खूण शेजारच्याच्या दारात जाऊन उभी राहिलीय."

छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई.
मोतीबिंदूनंतर मोठ्या अक्षरांसाठी टॅबलेट घेतला,
आणि आमचं कच्चं अ‍ॅप फुकट वापरून बघणाऱ्या
तेवीस जणांत त्याच सगळ्यात म्हाताऱ्या.
सध्या सोसायटीची स्मरणिका तपासतायत,
सुवर्णमहोत्सवी.

झालं होतं असं:
सेक्रेटरींनी वरती दोन ओळी आभार वाढवले.
मजकूर खाली सरकला,
शाई होती तिथेच.
'विहिर'वरचं लाल वर्तुळ आता 'लिफ्ट'भोवती,
शेजारी बाईंच्या तिरक्या अक्षरात: दुसरी.
लिफ्ट, दुसरी.
चेअरमन म्हणे खूश झाले.

मी खूण पानावरून सोडवली, अक्षराला बांधली.
तर वेलांटीनं दगा दिला.
ऱ्हस्व असली की दिसते अक्षराच्या अलीकडे,
यंत्राच्या पोटात मात्र साठते पलीकडे.
वर्तुळ अर्धं 'ह'वर, अर्धं हवेत.
बाईंना सांगितलं तर हसल्या:
"खिळ्यांच्या काळीही ती वेगळ्याच खणात असायची.
हाताला सवय होते. तुमच्या यंत्रालाही होईल."

इथून खाडी दिसते.
नांगर टाकलेली एक होडी,
भरतीला तोंड कळव्याकडे, ओहोटीला वाशीकडे,
दोरीच्या लांबीएवढं फिरणं तिचं.
मीटिंगमध्ये मी हे उदाहरण दिलं.
कुणी लिहून घेतलं नाही.

शुक्रवारी पुन्हा फोन.
पान नऊ. विहिरीचा परिच्छेद:
जमीन मुळात कुणाची,
बाळाराम मढवींनी किती वर्षं सगळ्यांना पाणी भरू दिलं,
विहीर कधी बुजवली, वर पार्किंग कधी झालं.
कमिटीनं अख्खा काढला. जुने वाद नकोत, म्हणाले.
बाईंना कुणकुण होती. आधीच त्यांनी
त्या ओळींखाली ठिपके देऊन
समासात लिहिलं होतं: राहू द्या.

मजकूर गेला,
आणि आमच्या नियमानुसार शाईही गेली.
शब्द नाही तर खूण कशाला.
नियम माझाच, चार ओळींचा, स्वच्छ,
त्यासाठी मला शाबासकी मिळालेली.

"शब्द त्यांनी काढले," बाई म्हणाल्या,
आवाज जराही न चढवता,
"माझं अक्षर कुणी काढलं?"

साडेआठपर्यंत बसलो.
ऑफिसातले दिवे आपोआप विझायचे,
हात हलवला की परत लागायचे.
चार ओळींच्या अकरा झाल्या, स्वच्छ नाहीत.
निराधार शाईनं कुठे जायचं,
कुठल्या दोन वाक्यांच्या मध्ये थांबायचं,
किती जागा अडवायची.

सोमवारी बाईंनी पान नऊ उघडलं.
वर जिन्यात चपला न ठेवण्याची सूचना,
खाली केटररची जाहिरात,
मध्ये कोरी पट्टी,
तिच्यात कशाखालीच नसलेले लाल ठिपके
आणि समासात, तिरकं: राहू द्या.

फोनवर बराच वेळ काही नाही.
मागे कुकरची शिट्टी.
मग म्हणाल्या,
"एकोणीस दिले होते. सतराच दिसतायत.
बघा जरा."