रबरी गांडूळ

नागपूरहून मागवलेल्या डबीत सात रंग,
जांभळं, कोळशागत काळं,
एक तर चक्क गुलाबी.
तुरजाआत्या म्हणते, गढूळ पाण्यात काळंच टाक बाप्पा,
मरळ रंग नाई पायत, सावली पायते.

गळ डोक्यातून आत,
जरा खाली बाहेर, मग फिरवून
टोक पुन्हा पोटात लपवायचं,
नाहीतर बोडीतले कमळाचे देठच लागतात गळाला.

"याले जीव नाई, तं हालंन कसं?"
मी मनगट किंचित उचलतो.
पाण्याखाली ते वाकतं. थांबतं.
परत वाकतं.

आत्या बोटं हुंगते.
साठ वर्षं ओल्या मातीच्या वासाची बोटं
आज बडीशेपेची.

दुपार कलली, मरळ काही आली नाही.
आत्या डबी ओढते:
"दे ते गुलाबी. पायतो."