सत्यप्रत

नव्या पेठेत, अभ्यासिकेच्या जिन्याखाली
माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
पाटीवर नुसतंच 'स्वरूप'. आडनाव लावलं नाही.
इथे पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारतात.
मीही विचारायचो. आता कागदच सांगतात.

बारा वर्षं झाली.
गुणपत्रिका, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर,
खोल्यांचे भाडेकरार,
एकदा चुकून आलेलं प्रेमपत्र, न वाचता परत दिलं,
आणि जातीचे दाखले, गठ्ठ्यानं.
काच सगळ्यांना सारखीच तापते
असं म्हणायला बरं वाटतं.
पण कागद पालथा घालताना
नजर जायची तिथे जातेच.

रेवण ढावरे आणि ओजस गद्रे,
वर एकाच टेबलाला, खुर्ची तेवीस आणि चोवीस.
मधे एकच प्लग, मोबाईल आळीपाळीनं.
खाली येऊन एक चहा दोघांत.
मार्चमध्ये निकाल लागला.
ओजसला रेवणपेक्षा सहा मार्क जास्त.
यादीत रेवण.
आर्थिक दुर्बलांची यादीही ओजसची हुकली,
दीड मार्कानं.
त्यानंतर चहा वेगळा झाला नाही,
फक्त गार व्हायला लागला.

ओजसची आई मेसचे डबे करते,
मनगटाला कायम क्रेप बँडेज.
वडील मोडी वाचून देतात, पानाला दोनशे रुपये.
रेवणचे वडील महापालिकेत होते,
कुठल्या खात्यात, ते तो सांगत नाही,
त्यांचा खोकला सांगतो.
हे मी कुणाची बाजू घ्यायला सांगत नाही.
बाजू घ्यायला माझ्याकडे जागाच नाही,
आठ बाय सहाचा गाळा आहे.

पडताळणीला पन्नासच्या आधीचा पुरावा लागतो.
रेवण करमाळ्याकडच्या शाळेतून
पणज्याची नोंद काढून घेऊन आला.
साल एकोणीसशे एकतीस. सगळं मोडीत.
"बाबांना दाखव," ओजसच म्हणाला.
तर गद्रेच आले, चष्मा कपाळावर,
माझ्याच काउंटरवर पान पसरलं
आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचत गेले.

नाव भिवा. बापाचं नाव येसू.
जात.
वय अदमासे आठ.
मग शेरा.
तिथे बोट थांबलं.
मला वाटलं, अक्षर लागत नसेल.
गद्र्यांना अक्षर लागत नाही असं होत नाही.

"बसतो बाहेर, पायरीखाली.
पावसाळ्यात येत नाही."

मशीनचा पंखा तेवढा चालू होता.
मग ओजस म्हणाला, कुणालाच न म्हटल्यासारखं,
"त्याला मी नव्हतं बसवलं बाहेर."
रेवण म्हणाला, "मीपण बसलो नव्हतो."

खोटं कुणीच बोलत नव्हतं.
आणि ते सहा मार्क तिथेच पडून होते,
कात्री आणि स्टेपलरच्या मधे.
एका मार्काला किती पावसाळे,
हे गणित मला येत असतं
तर मी इथे झेरॉक्स काढत बसलो असतो का?
वरच्यांनाही येत नसावं.
रात्री दोनपर्यंत दिवे जळतात,
येतं ते दुसरंच काहीतरी.

गद्र्यांनी नोंद देवनागरीत उतरवली, सही केली, शिक्का मारला.
दोनशे रुपये घेतले.
रेवणनंही कमी करा म्हटलं नाही.
मला ते दोघांचंही आवडलं.

मूळ पानावर शाई फिकी पडलेली.
"डार्क करू?" मी विचारलं.
"नको," रेवण म्हणाला, "आहे तेवढीच येऊ द्या."

पहिली प्रत निघाली, गरम.
ओजसनं उचलून उजेडात धरली,
बराच वेळ धरली.
"खालची ओळ तुटतेय, काका," तो म्हणाला,
"शेरा येत नाहीये.
पान जरा वर सरकवा."