साडेतीन ते साडेचार

सकाळी आठला हॉटेलच्या दारात.
जुनं पोस्ट ऑफिस, मग चोलोनचं देऊळ,
छताला टांगलेली उदबत्त्यांची वेटोळी.
राख डोक्यावर पडते, पाहुण्यांना ती आवडते.
भुयारं नकोत, कळवलंय त्यांनी, गुडघे दुखतात.
युद्धाचं संग्रहालय? प्रश्नचिन्ह.
जेवण: मासा चालेल, कोथिंबीर नको.

क्वेन पेन्सिलीनं लिहिते,
पेन्सिलीनंच; माणसांची मनं रात्रीतून फिरतात.
गाळणीतून कॉफीचा थेंब पडतोय.
पडू दे.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती:
एक तास तुमच्या आवडीचा ठेवा.

अकरा वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं.
तिनं लिहिलं: कालव्याकाठची गल्ली.
खोडलं. तिथं आता मोटारींचं दुकान,
काचेआड एक पांढरी गाडी
गोल गोल फिरत असते, सावकाश,
जिथं आई कण्यांचा भात वाढायची.
दाखवणार काय? म्हणणार काय,
इथं पातेलं होतं?

तास कोरा ठेवून तिनं वही मिटली.
मग उघडली, आणि कोपऱ्यात
बारीक अक्षरात टिपलं:
दोन छत्र्या. पाणी.
विचारायचं त्यांना,
तुमची आई काय विकायची.